रजेचं कारण

"मामा, ती तुमची गोळी सकाळी घ्यायची असते का रात्री?"

लांब्याने कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीतून अर्धं अंग आत घातलं होतं. येताना त्याने "हातमोजे द्या" असं चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं होतं. पण कालच नेलेली कोरी जोडी त्याच्या खिशातून डोकावत होती. मामांनी बल्बचा खोका खाली ठेवला.

"कुणासाठी विचारतोयस?"

"मेव्हण्यासाठी."

मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले. दाढी एका गालावर केलेली, दुसऱ्यावर राहिलेली.

"मेव्हण्याला झोप किती दिवस नाही?"

"तीन आठवडे," लांब्या म्हणाला आणि त्याचा चेहराच पडला. "कुणाला बोलू नका मामा. माझ्या पोरींची शपथ आहे तुम्हाला."

मामांना सख्खा भाचा एकही नव्हता, पण कारखान्यातली दोनशे माणसं त्यांना मामाच म्हणत. अठरा वर्षं त्यांनी छताखालची मोठी क्रेन चालवली. माणसांच्या डोक्यावरून लोखंडाचे अवाढव्य तुकडे नेले. कुणाला साधा ओरखडा उमटला नाही. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने कॅन्टीनमध्ये 'मन मोकळं करा' असा कार्यक्रम ठेवला. बोलायला कुणी उठेना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. शेवटी मामा उठले. सहा वर्षांपूर्वी मन कसं बुडत गेलं, तीन महिने उपचार कसे घेतले, रोज एक गोळी अजून कशी चालू आहे, सगळं सांगितलं. "ताप येतो तसंच हे येतं. त्यात लपवायचं काय?" असंही म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. काहींनी डोळे पुसले. फाटकापाशी मामांचा फोटो लागला.

सोमवारी सुपरवायझर साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, आता वर चढू नका. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." मामांनी डॉक्टरांचं पत्र आणून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, हळहळले आणि मामांना स्टोअरमध्ये बसवलं. कुणी शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. मायेने बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? "हात दाखवून अवलक्षण केलंत," असं बायको एकदाच म्हणाली आणि मग तिलाच वाईट वाटलं. क्रेन लांब्याकडे गेली.

"गोळी डॉक्टरला विचारून घ्यायची असते रे," मामा म्हणाले. "तुला होतंय काय?"

"वर बसलो की सगळं दिसतं मामा. पण हात लवकर उचलत नाही. काल खालून थांबायचा इशारा झाला. मी पाहिला, आणि तरी हूक दोन हात पुढे गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही."

त्या हुकाखाली सात माणसं असतात. भोंग्याला दहा मिनिटं उरली होती.

"आज चढायचं नाही. माझ्या डॉक्टरांकडे चल."

"आणि रजेला कारण काय सांगू?"

"खरं सांग. साहेबांशी बोल."

लांब्याने मामांकडे पाहिलं. मग त्यांच्यामागे रचलेल्या बल्बांच्या खोक्यांकडे पाहिलं.

"तुम्ही बोललात ना," तो हळूच म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. सांगावं तर याची क्रेन जाते, न सांगावं तर खालच्या सात जणांचा जीव टांगणीला. इकडे आड, तिकडे विहीर. आपण वर जाऊन बसावं म्हटलं तर तीही सोय उरलेली नव्हती. आपण बोललो की मागून येणाऱ्याची वाट सोपी होईल, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटलं होतं. मागून येणारा आता खिडकीत उभा होता आणि त्यांच्याकडे बघूनच त्याची दातखीळ बसली होती. मामांना स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

"काय रे लांब्या, अजून खालीच?"

चहाचा कप हातात घेऊन साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कुणाचं मूल आजारी आहे, कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, सगळं त्यांना तोंडपाठ असे. त्यांची नजर लांब्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांवर आणि अर्ध्या दाढीवर गेली.

"हे काय? काय होतंय तुला?"

लांब्याने मामांकडे पाहिलं. त्या नजरेत पोरींची शपथ होती आणि 'आता तुम्हीच काहीतरी करा' अशी विनवणीही होती. दोनशे माणसांसमोर न अडखळलेले मामा पहिल्यांदाच अडखळले.

"पोट... पोट बिघडलंय त्याचं, साहेब," ते म्हणाले. "रात्रभर जुलाब होतायत. उभं राहवत नाहीये. मी नेतो त्याला दवाखान्यात."

साहेबांनी कप तिथेच ठेवला. दुसऱ्या पाळीच्या क्रेनवाल्याला फोन करून लगेच बोलावून घेतलं. हवे तेवढे दिवस रजा घे म्हणाले, स्वतःच्या गाडीची किल्ली काढून मामांच्या हातात दिली आणि लांब्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अरे वेड्या, मग सांगायचं नाही का? आजारपणात कसली आलीय लाज?"