ई म्हणायचं नाही

"ई म्हणेल तो वर्गाबाहेर!" मिस लोरेटानं दम भरला, तशी वाचनालयाच्या तळघरात आरोग्याच्या वर्गाला जमलेली अकरा पोरं आणखीच खिदळली. टेबलावर तिनं मातीचे घडवलेले शीचे नमुने मांडले होते. लेंड्या, केळं, खिमट. "पोट खोटं बोलत नाही. आत काय चाललंय ते ही शी सांगते. बोला, तुमच्या घरात सगळ्यात भारी कुणाची? निळी फीत बक्षीस!"

पोरांना तेवढंच हवं होतं. कुणी कुत्र्याची सांगितली, कुणी बीट खाल्लेल्या धाकट्या भावाची. मग नऊ वर्षांच्या डेलेनीनं हात वर केला.

"माझ्या बाबाची! काळीकुट्ट. रस्त्यावर डांबर ओततात ना, तश्शी. दोनदा फ्लश केलं तरी चिकटून राहते. वासानं आमचा कुत्रासुद्धा पळतो!"

तळघर दणाणलं. लोरेटा मात्र हसली नाही. तिनं तीस वर्षं इस्पितळात नर्सची नोकरी केली होती. डांबरासारखी शी म्हणजे आत कुठेतरी रक्त झिरपतंय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"कधीपासून गं?"

"नाताळपासून."

आता एप्रिल उजाडला होता. पोरांना माती मळायला बसवून लोरेटा धापा टाकत वर गेली. डेलेनीचा बाप, वेड, पिकअप गाडीला टेकून लेकीची वाट बघत उभा होता. उंचापुरा गडी, पण ओठ पांढरेफटक, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"लेकीनं वर्गात तुमच्या शीचं सांगितलंय. आजच्या आज डॉक्टर गाठा."

वेड हसला. "कार्टीच्या तोंडात तीळ भिजत नाही." मग बुटांकडे बघत म्हणाला, "दाखवून झालंय, बाई. जठरातून यकृतात गेलंय. कापण्यासारखं काही राहिलं नाही म्हणतात."

"तिला माहीत आहे?"

"तिला वाटतं, मी ब्लूबेऱ्या फार खातो म्हणून काळी होते. हसतेय तोवर हसू दे."

लोरेटाला स्वतःचीच चीड आली. काय म्हणून वर्गात तो 'सगळ्यात भारी कुणाची' असला प्रश्न विचारला आपण?

एवढ्यात दार आपटलं. डेलेनी धावत आली, मागे सगळी पोरं.

"बाबा! मतं घेतली आम्ही! तू पहिला आलास!"

तिनं निळी फीत त्याच्या शर्टाला टाचली. वेडनं छाती पुढे काढली. "मग! बाप कुणाचा आहे?"

डेलेनीनं वळून पाहिलं. "मिस लोरेटा, टाळ्या वाजवा ना!"

लोरेटानं वाजवल्या.