दोन हरकती

वर्षासन घेणाऱ्यांनी दर चैत्रात नंदुरबारच्या कचेरीत येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं, असा खात्याचा नियम होता. म्हाताऱ्यांची पायपीट वाचावी म्हणून मेंबरसाहेबांनी तो रद्द करण्याचा ठराव कौन्सिलात मांडला. हरकती दोनच आल्या, रनाळ्याच्या धनुबाईची आणि म्हसावदच्या लोटनची. कारण विचारायला साहेब हजेरीच्या दिवशी स्वतः कचेरीत आले.

आवारात सावरीचा कापूस अलगद तरंगत होता. ओट्यावर धनुबाईनं भाकर मोडली आणि अर्धी लोटनच्या हातावर ठेवली.

"औंदा बी जित्ती शे ना तू?" लोटननं विचारलं.

"तुलेच दखाडानं व्हतं," धनुबाई म्हणाली.

साहेब पायरीवरूनच परतले. ठराव त्यांनी मागे घेतला.