लेओनचा अर्धा घास

लेओन शहरातल्या एका बारमध्ये आइनोआने द्राक्षरस मागवला. पेल्यासोबत मालकाने, तिकडच्या रीतीप्रमाणे, आपल्या मर्जीने एक फुकटचा घास ठेवला. गरम, तळलेलं क्रोकेता होतं, छोट्या लांबट कटलेटसारखं. अर्धं गिळल्यावर उरलेल्या अर्ध्यातून एक लांब, पांढरा केस लोंबताना तिला दिसला. तिने तुकडा कागदी रुमालात गुंडाळला आणि तिथे सगळे टाकतात तसा जमिनीवर टाकला.

“दोन जिवांची आहेस, उपाशी राहू नकोस,” तिचा नवरा फेर्मीन म्हणाला. पाचवा महिना होता. आधीची दोन टिकली नव्हती.

दुपारी गाडीने ते सामोरा या दुसऱ्या शहरात पोचले. पायी गल्ल्या पालथ्या घालून दमल्यावर नदीकाठच्या एका बारमध्ये शिरले. पुन्हा द्राक्षरस आला, आणि मालकिणीने बशी पुढे सरकवली.

बशीत अर्धंच क्रोकेता होतं. चाव्याच्या कडेला आइनोआच्या तुटक्या दाताची खूण होती. केस लोंबत होता, ओला.

“अहो बाई, हे उष्टं आहे!” फेर्मीन ओरडला.

“मग? तिचंच तर आहे,” मालकीण पेले पुसत म्हणाली. “खाऊन टाक, पोरी. अशा दिवसांत अर्धवट सोडू नये.”

फेर्मीनने चिडून केस चिमटीत धरला आणि ओढला. तो संपेचना. हातभर बाहेर आला, चिकट आणि कोमट.

आइनोआने पोट धरलं. “नको ना ओढूस! मला आत लागतंय.”

तो थांबला. तेवढ्यात तिच्या पोटात बाळ पहिल्यांदाच हललं, आणि केस त्याच्या चिमटीतून सर्रकन परत ओढला गेला.