या आण्णा, बसा

अख्खा हिवाळा मिरजेच्या दवाखान्यात काढून तिप्पण्णा कामावर परत आला, तेव्हा गिरणीच्या हापिसात कुणी त्याच्याजवळ फिरकलं नाही. क्षय पुरता बरा झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी लोकांनी लांबूनच विचारलं, "बरं हाय न्हवं आता?" आणि पुन्हा फायलींत डोकं घातलं.

खाली मान घालून तो कॉम्प्युटरच्या खोलीत शिरला. अठ्ठ्याहत्तर साली सोलापुरात असलं यंत्र म्हणजे नवलच. ते चालवायला तो आणि गुरम्मा, दोघंच शिकले होते. गुरम्मा कोपऱ्यात कागदाची गुंडाळी सोडवत होती. आपल्या जागी एव्हाना दुसरा कुणी आला असेल, हे धरूनच तो आला होता. विचारायचा धीर होईना.

हाताला सवय होती, म्हणून त्यानं यंत्रावर आपलं नाव टाइप केलं. आता नेहमीसारखं गिरणीचं नाव उमटणार, तारीख उमटणार. यंत्र खडखडलं. कागदावर अक्षरं इंग्रजीच उमटली, पण लावून वाचली तर भाषा घरची निघाली.

'या आण्णा. बसा. लई वाट बघितली.'

त्यानं पुन्हा वाचलं. "गुरम्मा, हे कुणी केलं?"

"मीच की. तुमचं नाव आलं की एवढं म्हण, असं सांगून ठेवलंय त्याला. साहेब दुसरा माणूस घेणार होते. मी म्हटलं, आण्णा येतील. तवर दोन्ही पाळ्या मी करते."

"अन् घरी पोरं?"

"सासूबाई हायत की."

साहेब दाराशी आले. मान लांबवून त्यांनी कागद वाचला.

"गिरणीचं नाव कुठं गेलं?"

"खालच्या ओळीत हाय, साहेब. तारीखबी हाय," गुरम्मा म्हणाली.

"मग असू दे," म्हणून ते गेले.

"गुरम्मा, तुझे लई उपकार..." तिप्पण्णा म्हणू लागला.

चहावाल्यानं उंबऱ्यावरच एक कपबशी ठेवली आणि तो निघून गेला. गुरम्मानं कप उचलून तिप्पण्णाच्या हातात दिला. त्यानं दोन घोट घेतले.

"सगळा संपवू नका, आण्णा," ती म्हणाली आणि तिनं बशी पुढं केली. "मलाबी ठेवा की."