हादरे सोसण्याचा दाखला

मतदान आटोपलं, सील लागलं, आणि मशीन पाड्यावरून खाली सडकेला न्यायची कशी हा प्रश्न उभा राहिला. रस्ता नव्हताच. भगीरथने घरातली झोळी आणली, घोंगडी बांबूला घट्ट आवळली, तीत मशीनची पेटी ठेवली आणि पुढचा खांदा स्वतः दिला. मागचा खांदा शेजारच्या गोमाचा. आसनगावहून आलेल्या केंद्राध्यक्ष मॅडम पेटीवर हात ठेवून सोबत चालल्या.

पहिल्याच उतारावर झोळी हेलकावली, तसा भगीरथ थबकला.

"बाई, धक्क्यानं बिघडंल का ओ ही?"

"नाही हो दादा. हिच्या सगळ्या चाचण्या झाल्यात. ऊन, पाणी, हादरे, वरून पडणं. एवढं सोसते असा दाखला मिळाल्याशिवाय मशीन मतदानाला येतच नाही."

"बरं झालं," भगीरथ म्हणाला. तरी एकेक दगड पायाने चाचपतच तो सगळी टेकडी उतरला.

सडकेवर जीप उभी होती. मॅडमनी बॅटरीच्या उजेडात एकेक सील निरखलं. "एक ओरखडा नाही! तळहातावरच्या फोडासारखं जपलंत, दादा."

भगीरथ घोंगडीची घडी घालत होता. "आषाढात घरचीला याच झोळीतनं आणलेली, बाई. बाळंतपणात अडली होती. तवाबी असाच जपून चाललेलो." घडी त्याने काखेत धरली. "यंदा या झोळीतनं सडकेपर्यंत धड पोचलेली ही पहिलीच."