डावी पाकळी

पाकळी पडली ती डावीच. भटांनी मूर्तीपुढून वळून सगुणकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. देवीचा नकार.

सगुणने तरी हात जोडले, तीर्थ घेतलं. खरं तर उजवीच पडणार हे तो धरून चालला होता. बाहेर मंडपात त्याची मुलगी सुविधा खांबाला टेकून उभी होती. बापाचा चेहरा बघून तिला काय ते कळलं.

"ऱ्हवंदी बाबा," ती म्हणाली. "तसोय तो बिघडलेलोच आसा."

बिघडलेला होताच. पेडण्याचे गोकुळदास मास्तर आपला कॉम्प्युटरचा क्लास बंद करणार होते आणि उरलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी विकायला काढला होता. माणूस सरळ, त्याने खोड लपवली नाही. थोडा वेळ चालला की तापतो नि बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू होतो, हे आधीच सांगून टाकलं. पण सुविधाची म्हापशाला नोकरीसाठी कॉम्प्युटरवरची परीक्षा तोंडावर आली होती. क्लास बंद झाल्यावर हात बसवायचा तरी कशावर? पार्शे गावात त्यांच्या वाडीत कुणाकडेच कॉम्प्युटर नव्हता. सगुणला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्याने गावाचा नेहमीचा मार्ग धरला. लग्न असो, विहीर असो, देवीला पाकळ्या लावून प्रसाद, म्हणजे कौल, घ्यायचा. उजवा आला तर पुढे जायचं, डावा आला तर गप्प बसायचं.

आता मास्तरांना नको म्हणून सांगायला दोघं पेडण्याला निघाली. सगुण पायलट. मोटारसायकलवर मागे माणूस बसवून पोचवायचा, हा त्याचा धंदा. किती बडबडी माणसं त्याने वाहिली असतील, पण आज मागे बसलेली पोर चकार शब्द बोलेना आणि तेच त्याला जड झालं.

चढणीवर मोटारसायकल आचके देऊन बंद पडली. ही तिची जुनी खोड. दोघं उतरली, काजूच्या सावलीत बसली. सुविधाने ओढणीने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली. सगुणला वाटलं, या पोरीने आजवर मागितलं ते काय, तर ही तापणारी पेटी.

तो गाडीकडे बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "ही गाडी घेतना देवीन डावोच प्रसाद दिल्लो."

सुविधाने वळून पाहिलं. "आनी तरी घेतलीस?"

"घेतली."

"देवी रागावली नाय?"

"रागावली मगे. म्हणान तर चढणीर बंद पडता." त्याने उठून टाकीवरून हात फिरवला. "पूण तुझ्या आवशीक बाळंतपणाक हिच्यारच म्हापशाक व्हेली. त्या दिसा एकदाय बंद पडली नाय."

सुविधाचा चेहरा उजळला.

इंजिन निवलं होतं. सगुणने किक मारली, गाडी सुरू झाली. सुविधा मागे बसली तसा तो मान न वळवताच म्हणाला,

"येताना मास्तराचो तो टीव्हीसारको डबो मांडयेर धरून बसाक जमात मगे तुका?"