बाथरूमची कडी

मुंगीने बाथरूमची कडी आतून लावून घेतली आणि जाहीर केलं, "लिफ्टकाका जाईपर्यंत मी बाहेर येणार नाही!"

लिफ्टकाका म्हणजे तो. शहरभरातल्या लिफ्ट दुरुस्त करायचा त्याचा धंदा. आत अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देण्यात त्याचा हातखंडा होता, पण इथे तो नुसताच दारापाशी घुटमळत राहिला. काका आता आपल्याकडेच राहायला येणार, हे मुंगीला आज सकाळीच कळलं होतं. त्यावर तिने दिलेला हा निकाल.

मुंगीची आई दाराला पाठ टेकून खाली फरशीवर बसली. आवाज चढवला नाही, दार ठोठावलं नाही.

"किती वेळ बसायचा बेत आहे?"

"कायमचा."

"मग अंगाखाली टॉवेल घे. फरशी गार असते."

आत टॉवेल ओढल्याचा आवाज आला.

"आणि भूक लागली तर?"

"टूथपेस्ट खाईन."

"खा. मला थोडी ठेव म्हणजे झालं."

त्याला हसू आवरेना. या बाईच्या आवाजावरच तो भाळला होता. हॉस्पिटलची लिफ्ट मधेच बंद पडली होती आणि ही फिजिओथेरपिस्ट आत एका घाबरलेल्या म्हाताऱ्याबरोबर अडकली होती. वरून तो खटपट करत होता, आणि ती खाली त्या म्हाताऱ्याला त्याच्याच लग्नाची गोष्ट सांगायला लावत होती. दार उघडलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "थांबा हो, अजून वरात यायचीय."

मुंगी तिला 'ताई' म्हणायची. घरातली मोठी माणसं जी हाक मारतात तीच पोरं उचलतात; तोही स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणतच वाढला होता. पंचाईत त्याची व्हायची. मुंगी चिडवायची, "तू पण ताईच म्हण ना!" आणि तो लाजून चूर.

मुंगीच्या बाबाबद्दल त्याने एकदाच विचारलं होतं. "एका सकाळी उठला आणि गेला. आम्हा दोघींना ठेवून," ती म्हणाली होती. "मग कोर्टकचेऱ्या झाल्या. पण मुलगी माझ्याकडेच राहिली." बस, एवढंच. ना रडगाणं, ना शिव्याशाप. पेशंटच्या वेळा सांभाळून पोरीची शाळा, पोहणं, वेण्या, रुसवेफुगवे असं सगळं ती एकटी निभावत होती. मुंगीने पहिलं पाऊल कधी टाकलं, असं त्याने विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली होती, "तेव्हा मी नव्हते." कामावर असेल बिचारी, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आतून बारीक आवाज आला. "तो पण जाईल. बाबासारखा."

तो पुढे सरसावला, पण तिने हातानेच थांबवलं.

"जाईलही," ती म्हणाली. "त्याची हमी मी कशी देऊ? माझी देते. मी कुठेही जाणार नाही."

थोड्या वेळाने कडी निघाली. टॉवेल गुंडाळलेली मुंगी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ताईच्या मांडीवर जाऊन बसली. लांब झालेले पाय मांडीत मावत नव्हते, तरी दोघींनी जागा करून घेतली. मग नाक पुसत ती खाली खेळायला पळाली.

तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहिला. चहा उकळत होता.

"मला नाही जमायचं हे," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता तू केलंस ते. मी असतो तर दार तोडलं असतं, नाहीतर चॉकलेटची लालूच दाखवली असती. उद्या मी चुकलो तर पोरीचं नुकसान होईल. त्यापेक्षा आत्ताच बाजूला झालेलं बरं."

तिने गॅस बारीक केला. "मुलांचं कुणाला आधीपासून येत असतं का?"

"तुझं वेगळं आहे गं. नऊ महिने पोटात वागवलंस तिला. पोटच्या पोरीसाठी माया आपोआप फुटते. मी ती कुठून आणू?"

तिने चहा गाळला, एक कप त्याच्यापुढे सरकवला आणि खिडकीतून खाली पाहिलं. मुंगी कुणाशी तरी कडाकडा भांडत होती.

"मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते," ती म्हणाली. "तिच्या बाबाशी माझी नुकतीच ओळख झाली होती. आमचं लग्नसुद्धा व्हायचं होतं."